माकडहाडाचं मानधन

माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडं असतात. त्यातली दोनशे पाच मोडली तरी चारचौघांत सांगता येतं. हात मोडला, तर लोक प्लॅस्टरवर सह्या करतात. पाय मोडला, तर बसायला जागा देतात. पण एक हाड असं आहे, की ते दुखावलं म्हटल्यावर ऐकणारा आधी तोंड फिरवून हसून घेतो आणि मग गंभीर चेहऱ्यानं विचारतो, "फार लागलं का हो?" आमच्या ग्रंथपालांनी नेमकं तेच हाड निवडलं.

ग्रंथपाल म्हणजे सार्वजनिक वाचनालयाचे मुख्य ग्रंथपाल. बत्तीस वर्षं एकाच टेबलामागे बसलेले. वाचनालयाच्या भिंतींवर एकतीस सूचना होत्या आणि सगळ्या त्यांच्या हातच्या. 'शांतता राखा.' 'पानं दुमडू नका.' 'थुंकी लावून पान उलटू नये.' कुणी मोठ्यानं जांभई दिली, तर ते चष्म्यावरून असं बघत, की ती अर्ध्यातच गिळावी लागे. पगार बेताचा, घर दोन खोल्यांचं, पण अब्रू भरपूर. ज्या संस्थांना पगार द्यायचा नसतो त्या माणसाला अब्रू मात्र सढळ हातानं देतात. तिला खर्च काही येत नाही. आणि ती अब्रू सांभाळता सांभाळता माणूस आयुष्यभर पाठीचा कणा ताठ ठेवून बसतो. नेमकं तिथंच पुढं सगळं घडलं.

ते खुर्ची घ्यायला गेले होते, आईसाठी. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी उंच बैठकीची, भक्कम हातांची खुर्ची सांगितली होती. ग्रंथपालांनी कागदावर लांबी, रुंदी, उंची लिहून घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि शहरातल्या सगळ्यात मोठ्या फर्निचरच्या दुकानात गेले. तिथल्या विक्रेत्यानं एका रुबाबदार खुर्चीकडं हात करून म्हटलं, "बसून बघा साहेब."

साहेब बसले. मागं न बघता, संचालक मंडळाच्या सभेत बसावं तसे. खुर्चीचा मागचा पाय नुसता टेकवून ठेवलेला होता, कारण ती नमुन्याची खुर्ची होती. पाठीवर पाटीही होती: 'फक्त पाहण्यासाठी. बसू नये.' बत्तीस वर्षं लोकांना सूचना वाचायला लावणाऱ्या माणसानं ही एकच सूचना वाचली नाही, कारण ती पाठीमागं होती. जाता जाता त्यांनी आधाराला शेजारचं टेबल धरायचा प्रयत्न केला. हाती टेबलक्लॉथ आला आणि त्याच्याबरोबर मांडलेल्या सहा बशा, दोन मेणबत्त्या आणि एक प्लॅस्टिकचं अननस आलं. दुकानात चाळीसेक गिऱ्हाइकं होती. सगळी हसली. ग्रंथपालांनी पडल्या पडल्या, डोक्यावर बशी असताना, ओठांवर बोट ठेवून करड्या आवाजात म्हटलं, "शांतता राखा!"

मग तर लोकांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

विक्रेत्यानंच बसा म्हटलं होतं, शिवाय छतावरच्या कॅमेऱ्यात सगळं आलेलं, त्यामुळं दुकानाचा मालक घाबरला. कोर्टकचेरी नको, आपसात मिटवू म्हणाला. एक लाख ऐंशी हजारांवर तडजोड ठरली. करारनामा लिहायचं काम ग्रंथपालांच्या मेहुण्याकडं आलं. हा बायकोचा धाकटा भाऊ वकील होता. म्हणजे भाडेकरार लिहायचा. एकदा त्यानं मृत्युपत्रातही 'अकरा महिन्यांची मुदत' घातली होती.

"भाऊजी, इथं लिहितो, 'माकडहाडास झालेल्या दुखापतीबद्दल नुकसानभरपाई.'"

"नको लिहूस."

"मग? 'बसण्याच्या जागेस'?"

"तुला वकील कुणी केलं रे?" ग्रंथपाल एका कुशीवर कलून बसले होते, सरळ बसणं अजून जमत नव्हतं. "हा कागद टाइप कोण करणार?"

"कोर्टासमोरचा टंकलेखक."

"आपला सभासद आहे तो. क्रमांक चारशे बारा. उद्या तो वाचनालयात आला आणि मी त्याला 'आवाज नको' म्हटलं, तर तो माझ्या कुठल्या भागाकडं बघेल?"

मेहुण्यानं विचार केला. त्यालाही उत्तर कळलं. "मग काय म्हणू?"

ग्रंथपालांनी डोळे मिटले. "'मानधन' म्हण."

"कशाचं?"

"खुर्च्यांच्या दर्जाविषयी मी त्यांना मत दिलं, त्याबद्दल."

"पडून?"

"मत कसं दिलं ते लिहायची गरज नाही."

असा तो करारनामा झाला: 'खुर्च्यांच्या गुणवत्तेविषयी दिलेल्या तज्ज्ञ सल्ल्याबद्दल मानधन.' दुकानाच्या मालकानं तर धावत सही केली. चूक कबूल करावी लागली नाही आणि धंद्याच्या खर्चात एक रक्कम घालता आली. ग्रंथपालांनी एकच अट घातली: दुकानानं कॅमेऱ्यातला तो व्हिडिओ पुसून टाकावा. दुकानानं पुसला.

आता अब्रू वाचवायला निघालेला माणूस एका थापेवर थांबत नाही. रजेसाठी डॉक्टरांचा दाखला लागत होता. डॉक्टरांनी पेन उचलून विचारलं, "काय लिहू?"

"पाठदुखी."

"कारण?"

"अतिवाचन," ग्रंथपाल म्हणाले. डॉक्टरही वाचनालयाचे सभासद होते आणि त्यांची दोन पुस्तकं सात महिने उशिरानं चालली होती. त्यांनी मुकाट लिहिलं.

बसण्यासाठी डॉक्टरांनी रबराची मधे भोक असलेली गोल उशी दिली होती. ग्रंथपालांनी तिला खाकी कव्हर शिवून घेतलं आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली: 'संदर्भग्रंथ. बाहेर नेऊ नये.' रोज सकाळी ती काखेत मारून ते वाचनालयात जात. इतका वाटोळा संदर्भग्रंथ कुणी पाहिला नव्हता, पण विचारायची हिंमत कुणाची नव्हती. निदान ग्रंथपालांना तसं वाटत होतं.

पहिला दणका बँकेतून बसला. एक लाख ऐंशीऐवजी एक लाख बासष्ट हजार जमा. ग्रंथपाल करसल्लागार बाईंकडं गेले. बाई फटकळ, हिशोब करताना जीभ बाहेर काढून बसायच्या आणि बोलताना आत घ्यायच्या नाहीत.

"मानधन आहे ना? मग दहा टक्के जागेवर कापणारच. वर्षाअखेरीला अजून भरावा लागेल."

"पण हे... तडजोडीचे पैसे आहेत."

"तडजोडीचे असोत नाहीतर आकाशातून पडलेले असोत. कागदावर काय लिहिलंय ते कर खातं बघतं. शरीराच्या दुखापतीची भरपाई असती, तर एक पैसा कर नव्हता. त्या दुखापतीनं पगार बुडाला आणि त्याच्या बदल्यात पैसे मिळाले असते, तर तेवढ्यावर कर. पैसे उशिरा दिले म्हणून व्याज मिळालं असतं, तर व्याजावर कर. आणि मानधन म्हणजे सरळ कमाई. सगळ्यावर कर." बाईंनी चष्मा काढला. "तुमचं एखादं हाडबीड दुखावलं असतं, तर किती बरं झालं असतं!"

सांगायची हीच वेळ होती. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. ग्रंथपाल खुर्चीच्या डाव्या कडेवर अर्धे बसले होते, घाम फुटला होता, आणि ते म्हणाले, "छे छे. हाडं ठणठणीत आहेत."

अठरा हजार गेले. ते त्यांनी गिळले. मध्यमवर्गीय माणूस पैसे गिळतो, लाज गिळत नाही. म्हणून तर त्याला लुबाडणं सोपं जातं.

दुसरा दणका मात्र गिळता येण्यासारखा नव्हता. समाजकल्याण कार्यालयाचं पत्र आलं. 'आपल्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न विहित मर्यादेपेक्षा अधिक झाल्याने आपल्या मातोश्रींना मिळणारी घरपोच मदतनीस सेवा पुढील महिन्याच्या एक तारखेपासून बंद करण्यात येत आहे.'

बायकोनं पत्र दोनदा वाचलं आणि भाजी चिरायचं सोडून खाली बसली.

ही मदतनीस बाई म्हणजे काय चीज होती, ते सांगायला हवं. ऑपरेशननंतर आई आठ महिने भिंतीकडं तोंड करून पडून होती. डॉक्टर म्हणायचे हाड जुळलंय, चाला. आई म्हणायची, "कुणाला चालून दाखवायचंय आता?" मग कार्यालयातर्फे ही बाई यायला लागली, रोज अकरा ते एक. चाळिशीची, आवाज खणखणीत, हसणं त्याहून. तिनं पहिल्या आठवड्यात आईला उठवून बसवलं, दुसऱ्या महिन्यात उभं केलं. आता आई पलंगापासून खिडकीपर्यंत अठरा पावलं चालत होती. खिडकीशी पोचली, की रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या चालीला नावं ठेवायची. मग दोघी पत्ते खेळायच्या. आई लबाडी करायची, बाई पकडायची, दोघी भांडायच्या. बाई आली नाही त्या दिवशी आई परत भिंतीकडं तोंड करी. सून आणि मुलगा दोघांनी मिळून प्रयत्न केला, तर सहा पावलांवर "दमले" म्हणून बसे. पदरचे पैसे देऊन बाई ठेवावी, तर तडजोडीची रक्कम वर्षभरात संपली असती, आणि सेवेसाठी पुन्हा अर्ज केला, तर प्रतीक्षायादी तीन वर्षांची. आईचं वय एक्क्याऐंशी.

"अहो, जा ना तिथं. सांगा ना त्यांना, मी पडलो म्हणून," बायको म्हणाली.

"पडलो नाही. बसताना तोल गेला."

"तेच सांगा."

ग्रंथपाल कार्यालयात गेले. चार नंबरच्या खिडकीत काचेमागच्या बाई फाइल उघडून म्हणाल्या, "मर्यादेच्या वर गेलात. मानधन एक लाख ऐंशी हजार."

"पण हातात एक बासष्टच आले."

"उत्पन्न कापण्याआधीचं धरतात."

"म्हणजे जे पैसे मला मिळालेच नाहीत, त्यांच्यामुळंही मी श्रीमंत?"

"हो," बाई म्हणाल्या. खोटं तरी कशाला बोला. "दुखापतीची भरपाई असती, तर आम्ही उत्पन्नात धरत नाही. वेगळ्या खात्यात ठेवायची आणि तीस दिवसांत आम्हाला कळवायचं. बस. तसं काही आहे का?"

मागं रांगेत अकरा माणसं होती. त्यातली तीन वाचनालयाची सभासद. ग्रंथपालांनी घसा साफ केला. "बघून सांगतो," ते म्हणाले, नुसता अपिलाचा अर्ज भरला, कार्यालयाचा तपासनीस परवा घर बघायला येईल एवढं ऐकून घेतलं आणि घरी आले.

त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे काका आले. काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. लोकांना मरणाची भीती घालून पोट भरलेला माणूस. निवृत्तीनंतर ते फुकट घालत. "सोपं आहे," काका म्हणाले. "आईंचा संसार वेगळा दाखवा. वेगळी चूल, वेगळं घर. मग त्यांच्या उत्पन्नात तुमचं मानधन धरताच येणार नाही. तपासनीस परवा येईल ना? उद्या चूल मांडा."

दोन खोल्यांत दोन संसार! पण काकांनी खडू मागितला आणि दाराजवळून पलंगापर्यंत फरशीवर सरळ रेघ ओढली. आईच्या बाजूला स्टोव्ह, एक पातेलं, दोन ताटं आणि मिठाची बरणी आली.

आईला हा बेत फार म्हणजे फारच आवडला.

"तुझी बायको माझ्या हद्दीतून गेली आत्ता," ती पलंगावरून म्हणाली. "विचारलं नाही."

"आई, न्हाणीघर पलीकडं आहे. ती जाणार कुठून?"

"मग भाडं द्या."

दुसऱ्या दिवशी तिनं सुनेकडं वाटीभर साखर उसनी मागितली आणि मोजून परत केली. मुलाला म्हणाली, "या कधीतरी आमच्याकडं जेवायला." बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली, रडायला की हसायला, ते ग्रंथपालांना कळलं नाही.

तपासनीस आला तो नेमका साडेअकराला. मदतनीस बाई आईचे पाय दाबत होती. तपासनीस रेघेपाशी थांबला, तिच्याकडं बघितलं, मग स्टोव्हकडं, मग आईकडं.

"आजी, तुम्ही वेगळ्या राहता?"

"हो तर. परवापासून," आई अभिमानानं म्हणाली. "काकांनी रेघ मारून दिली."

काका जिन्यावर होते, ते हळूच वर गेले.

तपासनीसानं काहीतरी लिहिलं. त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या खुर्चीवर गेलं. कव्हर धुवायला टाकलं होतं. रबराची गोल उशी उघडी पडली होती. "हे काय?"

"ते..." ग्रंथपालांच्या डोळ्यांपुढं एकदम पाणीच आलं, कुठलंही, भरपूर पाणी. "पोहण्याचं. मी पोहतो."

"अरे वा. रोज?"

"नियमित," ग्रंथपाल म्हणाले. एकदा बुडायचं ठरवलं, की माणूस खोल पाण्यातच जातो.

मदतनीस बाई आईच्या पायावर वाकली होती. तिचे खांदे हलत होते. ग्रंथपालांना वाटलं, नोकरी जाणार म्हणून बिचारी रडतेय. त्यांना फार वाईट वाटलं.

अपिलाची सुनावणी महिनाअखेरीला लागली. कार्यालयाच्या मोठ्या हॉलमध्ये एका टोकाला लांब टेबल, त्यामागं समितीची तीन माणसं, समोर साठ-सत्तर अर्जदार बाकांवर, आणि भिंतीवर टोकन नंबर दाखवणारा हा मोठा पडदा. आईला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. शेजारी मदतनीस बाई, तिच्या पलीकडं सून. मेहुणा वकिलाचा काळा कोट घालून आला होता. कोट भाडेकरारांना लागत नसल्यानं त्याला कपाटाचा वास येत होता.

समितीच्या अध्यक्षबाईंनी फाइल वाचली. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या आणि तिथंच राहिल्या.

"तुमचं म्हणणं असं, की हे मानधन नाही, दुखापतीची भरपाई आहे?"

"हो," मेहुणा म्हणाला.

"करारनाम्यात 'तज्ज्ञ सल्ला' लिहिलंय. कसला सल्ला दिलात?"

"खुर्ची कमकुवत आहे असा," ग्रंथपाल म्हणाले.

"डॉक्टरांचा दाखला म्हणतो अतिवाचनामुळं पाठदुखी. आणि तपासनीसांचा अहवाल म्हणतो..." त्यांनी पान उलटलं, थुंकी लावून, ग्रंथपालांनी डोळे मिटून घेतले. "'अर्जदार नियमित पोहतात. घरी साधन आढळले.' अहो, तुम्ही वाचता, पोहता, सल्ले देता. तुम्हाला झालंय काय?"

हॉलमध्ये हशा पिकला. ग्रंथपालांनी टेबलावरच्या तीन कागदांकडं बघितलं. तिन्ही त्यांनीच लिहवून घेतलेले. कुठल्या शत्रूनं एवढं नीट काम केलं नसतं.

"पुरावा आहे का दुसरा?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "नसेल तर सेवा एक तारखेपासून बंद."

मेहुणा कानाशी आला. "भाऊजी, आहे."

"काय?"

"व्हिडिओ."

"तो पुसला होता!"

"दुकानानं पुसला. मालकानं मला आधी पाठवला होता. मी कुठं पुसायची सही केली होती?"

ग्रंथपालांनी मान वळवली. बाकांवर टंकलेखक होता, सभासद क्रमांक चारशे बारा. डॉक्टरांची बायको होती. वरचे काका तर सल्ला कसा लागू पडतो ते बघायला पहिल्या बाकावर बसले होते. आणि चाकाच्या खुर्चीत आई होती. तिनं मदतनीस बाईचं मनगट धरलं होतं; नुसतं धरलं नव्हतं, जिना उतरताना कठडा धरतात तसं धरलं होतं. आई त्यांच्याकडं बघत नव्हती. ती समोरच्या भिंतीकडं बघत होती, आणि ती नजर ग्रंथपालांना ओळखीची होती. आठ महिन्यांची ओळख होती.

"लाव," ग्रंथपाल म्हणाले.

मेहुण्याच्या फोनवर तिघांना नीट दिसेना. तेव्हा शिपायानं उत्साहानं फोन पडद्याला जोडून दिला. शिपाई एरवी अर्जावर शिक्का मारायला चार दिवस घेतो. हे त्यानं अर्ध्या मिनिटात केलं. टोकन नंबर एकसष्ट गेला आणि पडद्यावर, पुरुषभर उंचीचे, ग्रंथपाल आले. ताठ. रुबाबदार. बसले.

हॉल कोसळला. बशा आल्या, मेणबत्त्या आल्या, अननस आलं. अध्यक्षबाईंनी फाइल तोंडासमोर धरली. फाइल थरथरत होती. ग्रंथपाल मात्र पडद्याकडं बघत नव्हते. ते आईकडं बघत होते, म्हणून त्यांना ते दिसलं. पडद्यावरच्या ग्रंथपालांनी ओठांवर बोट ठेवायच्या आधीच आईनं बोट ठेवलं होतं. मदतनीस बाईनंही ठेवलं होतं. सुनेनंही. आणि तिघी एका सुरात, पडद्याच्या आधी, हळूच म्हणाल्या, "शांतता राखा!"

ग्रंथपाल खुर्चीवरून उठले. "आई, तू हे आधी बघितलंयस?"

"रोज बघते," आई म्हणाली. "अठरा पावलं झाली, की बाई दाखवते. बारा झाली तर अर्धाच दाखवते, पडेपर्यंतचा. बशी बघायची तर खिडकीपर्यंत जावं लागतं."

"आणि मला कुणी..."

"सांगणार कसं?" बायको म्हणाली. तिचे डोळे हसून ओले झाले होते, की आणखी कशानं. "तुम्हाला किती लागलं असतं, अहो."

"सगळ्यांनी बघितलाय?"

"मी फक्त ताईला पाठवला होता," मेहुणा पुटपुटला. टंकलेखकानं खाली मान घातली. डॉक्टरांच्या बायकोनं पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. काका छताकडं बघू लागले. सहा महिने सगळं गाव वाचनालयात येत होतं, त्या खाकी कव्हरातल्या वाटोळ्या संदर्भग्रंथाकडं बघत होतं आणि एक शब्द काढत नव्हतं. ज्या अब्रूसाठी ग्रंथपालांनी अठरा हजार घालवले होते, ती कधीच गेली होती. आणि इतके दिवस ती हीच माणसं आपापल्या घरून आणून गुपचूप त्यांच्या टेबलावर ठेवत होती.

ग्रंथपाल समितीकडं वळले. कणा ताठ होता, सवयीनं. आवाजही वाचनालयातलाच होता, फक्त मोठा. "माझ्या माकडहाडाला दुखापत झाली आहे," ते म्हणाले. "अजून दुखतं. ती उशी पोहण्याची नाही, बसण्याची आहे. मला पोहता येत नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. मागून कुणीतरी विचारलं, "फार लागलं का हो?" आणि ग्रंथपाल म्हणाले, "फार."

सेवा चालू राहिली. करारनामा दुरुस्त करून आणायला समितीनं पंधरा दिवस दिले. मेहुण्यानं नवीन करारनामा लिहायला घेतला, तेव्हा त्यात अकरा महिन्यांची मुदत दिसली. ग्रंथपालांनी कागद ओढून घेतला आणि पुस्तकात चूक राहिली, तर जे करतात तेच केलं. स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात शुद्धिपत्र लिहिलं: 'पृष्ठ एक, ओळ सात: "तज्ज्ञ सल्ल्याबद्दल मानधन" याऐवजी "माकडहाडास झालेल्या दुखापतीबद्दल नुकसानभरपाई" असे वाचावे.' टाइप करायला टंकलेखकाकडंच दिलं. त्यानं पैसे घेतले नाहीत. दुकानाच्या मालकानं कुरकुर केली, पण पडद्यावरचा प्रकार त्याच्या कानावर गेला होता. त्यानं सही केली. करसल्लागार बाईंनी परताव्याचा अर्ज भरताना विचारलं, "मग तेव्हा का नाही सांगितलंत?" ग्रंथपाल उशी खुर्चीवर मांडून, कव्हराशिवाय, तिच्यावर नीट बसले आणि म्हणाले, "वाचत होतो." अठरा हजार पाच महिन्यांनी आले. रक्कम वेगळ्या खात्यात गेली आणि तीस दिवसांच्या आत कळवल्याची पावती ग्रंथपालांनी चौकटीत लावली.

आता खुर्ची तेवढी राहिली होती. आई म्हणाली, त्याच दुकानातून घ्यायची, आणि मी स्वतः येणार. गेले सगळे: मुलगा, सून, मदतनीस बाई, मेहुणा. काकांना कुणी बोलावलं नव्हतं, तेही होते. त्याच विक्रेत्यानं पांढऱ्याफटक चेहऱ्यानं उंच बैठकीची, भक्कम हातांची खुर्ची मधोमध आणून ठेवली. कागदावरच्या लांबी-रुंदीला ती बरोबर उतरली. या वेळी तो "बसून बघा" म्हणाला नाही.

आईच म्हणाली. "आधी तू बस."

ग्रंथपाल खुर्चीच्या मागं गेले. पाठ बघितली. वाकून चारही पाय हलवून बघितले. कुठंही काही लिहिलेलं नव्हतं. ते पुढं आले. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं थांबली. ही माणसं त्यांना ओळखीची वाटत असावीत. विक्रेत्यानं शेजारच्या टेबलावरचा टेबलक्लॉथ हळूच काढून घेतला. आईला खांबाआड नीट दिसेना, तशी ती चाकाच्या खुर्चीतून उठली आणि बाईचा हात धरून पावलं मोजत निघाली. अठरा झाली. एकोणीस. ती थांबली नाही. बाविसाव्या पावलाला ती खुर्चीच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

दुकानात अशी शांतता पसरली, की बत्तीस वर्षांत वाचनालयात कधी पसरली नव्हती.

ग्रंथपाल बसले. खुर्ची हलली नाही.

आई वाट बघत राहिली. मग खट्टू होऊन बाईकडं वळली.

"एवढंच?"